पन्नास ओहम आणि एक आळशी विशेषण

'कालबाह्य' हे विशेषण मराठी समीक्षेत जितक्या सैलपणे वापरले जाते, तितक्याच सैलपणे ते महाविद्यालयाच्या निर्लेखन समितीतही वापरले जाते, हे मला गेल्या वर्षी उमगले. लेखक कालबाह्य ठरवला की तो वाचावा लागत नाही. यंत्र कालबाह्य ठरवले की त्यात काय आहे ते पाहावे लागत नाही. दोन्हीकडे हा शब्द निष्कर्षाचा आव आणून सबबीचे काम करतो.

आधी वस्तुस्थिती मांडतो. १९९०च्या दशकात आमच्या विभागाने विद्यार्थ्यांकडून त्यांच्या गावचे बोलीतले शब्द जमवले होते. शब्द, अर्थ, वापराचे एक वाक्य आणि सांगणाऱ्याचे गाव व वय, अशी प्रत्येक नोंद. पुढे या नोंदी डॉसवर चालणाऱ्या संगणकात टंकित झाल्या. मूळ चिठ्ठ्या वाळवीने खाल्ल्या. सांगणाऱ्यांपैकी कित्येक आज हयात नाहीत. उरला तो ग्रंथालयाच्या मागच्या खोलीतला एक संगणक. तो सुरू होत होता; पण फ्लॉपी ड्राइव्ह निकामी झालेला, आणि बाहेर पडायची वाट म्हणजे पाठीमागचे बीएनसी जोडणीचे गोल तोंड. समितीचा शेरा एका ओळीचा होता: 'केबल कालबाह्य, सुटे भाग मिळत नाहीत.' डिस्क काढून दुसरीकडे जोडा, असाही सल्ला मिळाला. परंतु इतकी जुनी डिस्क, तीही एकमेव प्रत, चालू असताना कोण उचकटणार?

शेऱ्याचा पहिला अर्धा भाग घेऊ. बारीक कोॲक्सियल केबलचे हे जाळे 'टेनबेसटू' या नावाने ओळखले जाते. एका सलग पट्ट्याची लांबी १८५ मीटरपर्यंत, त्यावर ३० जोडण्यांपर्यंत; प्रत्येक संगणकामागे एक 'टी' आणि पट्ट्याच्या दोन्ही टोकांना ५० ओहमचा एकेक टर्मिनेटर. टोक उघडे राहिले तर संदेश तिथून उलटा फिरतो, मागून येणाऱ्यावर आदळतो आणि एका बुचापायी सगळे जाळे मुके होते. १९९० मध्ये पिळाच्या तारांचे 'टेनबेसटी' हे प्रमाण आले आणि ही केबल हळूहळू मागे पडली. ती मागे पडली हे योग्यच झाले. तिचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही.

पण ज्यांनी हे प्रमाण ठरवले त्यांची भाषा पाहावी. नव्या उभारणीसाठी या केबलची शिफारस नाही आणि सप्टेंबर २०११ पासून तिच्याविषयीच्या कलमात दुरुस्त्यांचा विचार होत नाही, एवढेच आयट्रिपलईचा प्रमाणग्रंथ म्हणतो. 'नव्याने घालू नका' आणि 'आहे ते फेकून द्या' ही दोन वेगळी वाक्ये आहेत. अभियंत्यांना हा भेद कळला. भाषा शिकवणाऱ्या आम्हा लोकांनी मात्र समितीच्या कागदावर मुकाट्याने सही केली असती.

आता दुसरा अर्धा भाग: 'सुटे भाग मिळत नाहीत.' मुंबईत लॅमिंग्टन रोडवर एका दुकानदाराने तत्परतेने दोन टर्मिनेटर पुढे केले. ते सीसीटीव्हीचे होते, ७५ ओहमचे. "सर, दिसायला सेमच आहे," असे तो म्हणाला. 'दिन' आणि 'दीन' हेही घाईत सारखेच दिसतात. ७५ ओहम लावले तर जाळे कधी चालल्यासारखे वाटते, कधी अडते. आणि एकमेव प्रतीच्या बाबतीत 'चालल्यासारखे' पुरत नाही, हे संहिताचिकित्सा शिकवणाऱ्याला कुणी सांगायला नको.

खरे टर्मिनेटर शेवटी सापडले ते आमच्याच महाविद्यालयात, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या खणात. ऑसिलोस्कोप आणि सिग्नल जनरेटर यांच्या कामात ५० ओहमची बीएनसी जोडणी आजही लागते. त्याच जातीची केबल हौशी रेडिओवाले वापरतात. म्हणजे हा भाग कालबाह्य झालाच नव्हता. त्याचा एक वापर संपला होता. १९५७ मध्ये दशमान नाणी आली आणि आणा व्यवहारातून जायला लागला, पण 'सोळा आणे खरे' आपण अजून म्हणतोच. शब्दांच्या बाबतीत जे वर्गात समजावून सांगतो, ते वस्तूंच्या बाबतीत आपल्याला सुचत नाही.

टर्मिनेटर मिळालेच नसते, तरी १०० ओहमचे दोन रोधक समांतर जोडून बीएनसी प्लगमध्ये डाख दिला असता तर काम भागले असते. तपासणीही सोपी आहे. टी संगणकापासून सोडवायचा आणि त्याच्या मोकळ्या तोंडाशी, मधली तार व बाहेरचे कवच यांच्यामध्ये, मल्टिमीटर लावायचा. सुमारे २५ ओहम दाखवले तर दोन्ही टोके शाबूत, ५० दाखवले तर एक गायब. गोल आणि चौकोनी अशी दोन्ही तोंडे असलेला जुना हब भंगारात मिळाला. त्यातून नोंदी नव्या संगणकावर आल्या, इस्कीतून युनिकोडमध्ये गेल्या. आता त्या वाचता येतात.

'यंत्रातले आम्हाला काय कळते?' हा मराठी विभागांचा लाडका विनय आहे. त्याला मी विनय मानत नाही. ज्यांच्या नोंदी आहेत त्यांनीच हात झटकले, तर समिती त्या भंगारात काढणारच. ग्रंथालयांनी एक पेटी ठेवावी: दोन टी, दोन टर्मिनेटर, चार मीटर केबल, एक हब. आणि निर्लेखनाच्या अर्जात 'सुटे भाग मिळत नाहीत' या रकान्याच्या आधी दुसरा एक रकाना असावा: 'यातला मजकूर कुठे हलवला?' तो रकाना कोरा असेल, तर त्या अर्जावर मराठीच्या प्राध्यापकाने सही करू नये.