टाय बांधायला शिकवताय, पण मुलाखत आहे कुठे?

येत्या रविवारी आपल्या गावात 'भव्य रोजगार मेळावा व मुलाखत तंत्र मार्गदर्शन शिबिर' आहे. बसस्टँडपासून पंचायत समितीपर्यंत फ्लेक्स लागलेत. एका फ्लेक्सवर २१ फोटो, मोजलेत मी. कंपनीचं नाव मात्र एकही नाही. पद कुठलं, पगार किती, काम कुठल्या गावात, काही नाही. चहा-नाष्ट्याची सोय आहे, हे ठळक अक्षरात.

शिबिराला माझा विरोध नाही. हे आधीच सांगतो, नाहीतर खाली 'पत्रकारांना चांगलं काही बघवत नाही' सुरू होईल. माझा मुद्दा असा आहे की ज्या पोरांना तुम्ही मुलाखतीला कसं बसायचं, हात कसा मिळवायचा, इंग्रजीत स्वतःची ओळख कशी करून द्यायची हे शिकवणार आहात, त्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला मुलाखत येतच नाही.

आपल्या अभ्यासिकेत जाऊन बघा. कोण तलाठीची तयारी करतंय, कोण पोलीस भरतीची, कोण जिल्हा परिषदेची. तलाठीला २०० गुणांचा पेपर, मुलाखत नाही. पोलीस शिपायाला मैदानी ५० आणि लेखी १००, मुलाखत नाही. केंद्र सरकारने तर १ जानेवारी २०१६ पासून खालच्या पदांच्या मुलाखती बंदच केल्या, आणि चांगलंच केलं, वशिल्याला एक दार कमी झालं. मुलाखत उरली राज्यसेवेसारख्या वरच्या परीक्षांना. तिथवर पोचलेलं पोरगं तुमच्या दोन तासांच्या भाषणावर अवलंबून नसतं.

मग ही पोरं अडतात कुठे? अर्जातच अडतात.

२०२३ ची तलाठी भरती आठवा. जागा ४,६४४. अर्ज दहा लाखांच्या वर. शुल्क खुल्या प्रवर्गाला १,००० रुपये, मागासवर्गीयांना ९००. सगळे ९०० वाले धरले तरी ९० कोटी होतात, आणि हे बेरोजगारांच्या खिशातले. त्यावर समर्थन काय आलं, तर शुल्क जास्त ठेवलं की गंभीर उमेदवारच अर्ज करतात. म्हणजे ज्याच्या बापाकडे हजार रुपये आहेत तो गंभीर, आणि सोयाबीन विकेपर्यंत थांबलेला हौशी! यूपीएससी देशातली सगळ्यात मोठी परीक्षा घेते १०० रुपयांत. त्यातही महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि दिव्यांगांना माफी. तिथे कोणी अगंभीर दिसलं का? राजस्थानने २०२३ मध्ये ठरवलं की नोंदणी शुल्क एकदाच भरायचं, पुढे प्रत्येक अर्जाला पुन्हा नाही. आपल्याकडे जिल्हा परिषदेला दोन पदांसाठी अर्ज केला तर दोनदा शुल्क.

पैसे भरून परीक्षा दिली तर पुढची गंमत. तलाठीचा पेपर ५७ सत्रांत झाला, म्हणून गुणांचं सामान्यीकरण केलं, आणि यादीत २०० पैकी २१४ गुण दिसले. त्यामागे गणिती सूत्र आहे, मान्य. पण ते सूत्र निकालाआधी पोरांना सोप्या मराठीत समजावून सांगायची तयारी कोणी केली होती? त्याआधी २०२१ मध्ये आरोग्य विभागाचा पेपर फुटला, तेव्हाही अभ्यास पोरांनी केला होता, कच्ची तयारी दुसऱ्यांची होती.

मग कागदपत्रं. नॉन क्रिमीलेअर, डोमिसाईल, जात पडताळणी. अर्जाची मुदत संपत आली की सेतूसमोर रांग लागते आणि नेमका तेव्हाच सर्व्हर बसतो. मेरिटमध्ये आलेली पोरं दाखल्याची तारीख जाहिरातीतल्या मुदतीत बसली नाही म्हणून बाद झालेली आपण पाहिलीत. 'नॉन क्रिमीलेअर कधी काढायचं आणि जाहिरातीत कोणती तारीख बघायची' यावर एक तास बोला की रविवारी! देहबोलीपेक्षा जास्त नोकऱ्या वाचतील. तहसील कार्यालयातला कारकून बोलवा, पुण्याहून वक्ता कशाला?

आता खासगीचं. एमआयडीसीत मुलाखत म्हणजे काय असते हे तिथे गेलेल्या पोरांना विचारा. गेटवर ठेकेदाराचा माणूस आधार, पासबुकाची झेरॉक्स आणि दोन फोटो घेतो. रात्रपाळी जमेल का, एवढाच प्रश्न. संपली मुलाखत. तिथे टायचा उपयोग शून्य. उपयोग कशाचा, तर उलट चार प्रश्न विचारण्याचा. नेमणुकीचं पत्र कंपनीचं की ठेकेदाराचं? हातात किती पडणार? पीएफ कापणार तर यूएएन नंबर कधी मिळणार? पगार २१ हजारांच्या आत असेल तर ईएसआयचं कार्ड कधी? आणि मूळ मार्कशीट कुणाच्याही ताब्यात द्यायची नाही, नोकरीसाठी 'डिपॉझिट' मागितलं की उठून यायचं. आपल्या गावातली दोन पोरं आजही मूळ कागद अडकलेत म्हणून कंपनीच्या चकरा मारतायत. त्यांना कोणत्या शिबिरात हे सांगितलं होतं?

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचं पण तेच. बारावीला ६ हजार, आयटीआय-पदविकेला ८, पदवीधराला १० हजार. सहा महिन्यांची मुदत नंतर वाढवून अकरा महिने केली. पोरं कार्यालयात राबली, शिकली. आणि मुदत संपल्यावर? पुन्हा 'तयारी करा'.

मागच्या वर्षीच्या मेळाव्यानंतर बातमी छापून आली होती, 'शेकडो युवकांना जागेवरच नियुक्तीपत्र'. ती बातमी देणाऱ्यांत आमचीच बिरादरी होती, प्रेसनोट जशीच्या तशी. गेल्या आठवड्यात मी आयोजकांना फोन करून विचारलं की त्यातले प्रत्यक्ष रुजू किती झाले आणि आज कामावर किती आहेत? उत्तर आलं, 'आकडा काढावा लागेल भाऊ.' वर्ष झालं, आकडा काढलेला नाही. फ्लेक्ससाठी फोटो मात्र वेळेत गोळा झाले.

तर आयोजकांना जाहीर विनंती. रविवारी मंडपाच्या दारात एक साधा फळा लावा. कंपनी, पद, हातात येणारा पगार, कामाचं ठिकाण, नेमणूक कुणाची, एवढं खडूने लिहा. एक टेबल तहसीलच्या माणसाला दाखल्यांसाठी द्या. आणि मागच्या वर्षी पत्र मिळालेल्यांची संख्या आणि आज कामावर असलेल्यांची संख्या, हे दोन आकडे माइकवरून सांगा. नावं नकोत.

मागच्या वर्षी ज्यांना पत्र मिळालं त्या पोरापोरींनी मला इनबॉक्स करा, नाव कुठेही येणार नाही. पगार किती सांगितला होता, किती मिळाला आणि किती महिने टिकलात, एवढंच कळवा. मी मोजतोय. रविवारी सकाळी दहाला मंडपात असेन, तोवर माझ्याकडे जमलेला आकडा इथेच टाकतो.