एकाच तेलावर तिघांचा संसार

लखनौच्या निशातगंजातल्या गॅरेजवर असो की नाशिकच्या, गिऱ्हाईक म्हणतं, ‘भारीतलं ऑइल टाका.’ भारी म्हणजे महाग, एवढंच त्यात गृहीत असतं.

लखनौला कुठलं ऑइल टाकावं हा प्रश्न एकेकाळी नव्हताच. १९७२ साली तिथे स्थापन झालेल्या स्कूटर्स इंडियाने इटलीतला लॅम्ब्रेटाचा कारखाना यंत्रांसकट आणला. तिथून निघालेल्या ‘विजय डीलक्स’मध्ये इंजिनाचं तेल पेट्रोलमध्ये मिसळून जळून जाई, गिअर आणि क्लचचं तेल निराळं. आकुर्डीच्या चेतकची तीच तऱ्हा. जुन्या बुलेटला तर इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स असे तीन वेगळे कप्पे होते.

तिघांना एका तेलात नांदवण्याची पद्धत होंडाच्या १९५८ च्या सुपर कबने जगभर नेली. आपल्याकडे ती १९८५ च्या हिरो होंडा सीडी १०० बरोबर घरोघरी पोचली. गाडी हलकी झाली, स्वस्तही पडली. सगळा भार मात्र जेमतेम लिटरभर तेलावर आला. पिस्टनची धग त्यानेच सोसायची, गिअरच्या दातांत त्यानेच रगडून घ्यायचं. वर क्लच प्लेटांची अपेक्षा उलटीच: फार निसरडं होऊ नकोस!

नव्वदच्या दशकात मोटारींची तेलं इंधन वाचावं म्हणून अधिक निसरडी होऊ लागली. ती बाइकमध्ये पडली की क्लच घसरायचा; इंजिन ओरडायचं आणि गाडी हवी तशी पळायची नाही. म्हणून जपानने १९९८ मध्ये वाहन-मानकांच्या ‘जासो’ संस्थेचं मानक आणलं: तेलात बुडालेल्या, म्हणजे ओल्या क्लचसाठी एमए, कमी घर्षणाचं ते एमबी.

हिरो होंडाने मात्र पेट्रोल भरा आणि विसरा, अशी जाहिरात केली. तेलाचं शिक्षण गाडीच्या पुस्तिकेतच राहिलं. आमच्या मते डब्यावर आधी एमए किंवा एमए२ शोधावं, मग पुस्तिकेतला घट्टपणाचा ग्रेड. स्प्लेंडरला १०डब्ल्यू-३०, बऱ्याच पल्सरना २०डब्ल्यू-५०. लखनौचा मे महिना कितीही तापो, स्प्लेंडरला जाड तेल पाजून ताकद येत नाही. सिंथेटिकचा विचार त्यानंतर.

खरी गफलत होते ती दारात ॲक्टिव्हा आणि स्प्लेंडर दोन्ही असलेल्या घरात. ग्रेड तोच १०डब्ल्यू-३०, डबेही दिसायला भावंडंच. स्कूटरचा क्लच कोरडा, त्यामुळे तिला एमबी चालतं. एमए घातलं तरी फार तर ॲव्हरेज किंचित घटेल. तिचं उरलेलं एमबी मात्र बाइकमध्ये ओतू नये.