पाच रत्ने आणि एक प्रश्न

व्यापारी कुटुंबातील तल्लख मूल बहुधा गल्ल्याजवळच ओळखू येते. गिऱ्हाइकाचे बिल कागदावर उतरण्यापूर्वीच तिसरी-चौथीतले हे मूल बेरीज सांगून मोकळे होते. पाहुण्यांपुढे त्याचे कौतुक होते आणि लवकरच त्याच्या हाती पाचवी-सहावीची पुस्तके येतात. घरच्यांचा हेतू चांगला असतो. परंतु उत्तर चटकन येणे म्हणजेच हुशारी, अशी त्या मुलाची समजूत होत जाते. पुढे खरोखर अवघड प्रश्न समोर आला की, चुकण्याच्या भीतीने ते वही मिटून ठेवते. पुष्कळ बुद्धिमान मुलांची गणिताची गोडी अशीच आटते.

अशा मुलाला वरच्या इयत्तेची घाई नको असते. त्याला खोल प्रश्न हवा असतो. नवव्या शतकात, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ रचला. सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेने १९६३ मध्ये त्याचा हिंदी अनुवाद प्रसिद्ध केला. त्यात जवाहिऱ्याच्या पेढीला शोभेल असा एक प्रश्न आहे : हिरे, नीलम, पाचू, पोवळी आणि मोती यांतून निवड करून किती प्रकारचे हार होतील?

चौथीतल्या मुलापुढे पाच रंगांचे मणी ठेवून हाच प्रश्न विचारता येतो. रंगांचा क्रम मोजायचा नाही. कोणते रंग घेतले एवढेच पाहायचे. एका रंगाचे ५ प्रकार, दोन रंगांचे १०, तीन रंगांचे १०, चार रंगांचे ५ आणि पाचही रंगांचा १, एकूण ३१. उत्तर मिळाले तरी पाठ येथे थांबवू नये. दोन रंगांचे आणि तीन रंगांचे प्रकार सारखेच का भरले? दोन रंग उचलले की तीन आपोआप मागे राहतात, हे मणी हाताळताना मुलालाच उमगते. प्रत्येक रंगापुढे घेणे किंवा सोडणे असे दोनच मार्ग असतात. म्हणून २ हा आकडा पाच वेळा गुणला की ३२ येतात. एकही रंग न घेण्याचा प्रकार वजा केला की ३१ उरतात. मग सहा रंगांचे ६३ प्रकार मूल न मोजता सांगते. सूत्र त्याला कोणी दिलेले नसते. ते त्याने मिळवलेले असते.

विज्ञानालाही हीच रीत लागू पडते. गच्चीवर एक काठी सरळ उभी करावी आणि तिची सावली सर्वांत आखूड केव्हा होईल, याचा अंदाज मुलाला आधी वहीत लिहू द्यावा. बहुतेक मुले ‘बारा वाजता’ असे लिहितात. दर दहा मिनिटांनी खडूने सावलीच्या टोकाशी खूण केली, तर मुंबईत मे महिन्यात तो क्षण साडेबारा उलटून गेल्यावर येतो. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे. मुंबई सुमारे ७३ अंशांवर आहे आणि पृथ्वीला एक अंश फिरण्यास ४ मिनिटे लागतात. हे कारण लगेच सांगून टाकू नये. घड्याळ चुकले की सूर्य, या कोड्यात मुलाला दोन दिवस राहू द्यावे.

घरातील वडीलधाऱ्यांना यासाठी शास्त्रज्ञ व्हावे लागत नाही. ‘किती आले?’ या प्रश्नाच्या जोडीला ‘कसे काढलेस?’ हेही विचारावे, चुकीचा अंदाज वहीतून खोडू देऊ नये आणि उत्तर ओठांवर आले तरी थोडे थांबावे. रात्री रोजमेळ जुळला नाही, तर जाणता व्यापारी फरक सापडेपर्यंत पेढीवरून उठत नाही. गल्ल्याजवळ बसणाऱ्या मुलाने तोंडी हिशेबाचा वेग तर उचललेलाच असतो. हा धीरही त्याला तेथेच शिकता येतो.