झाडं किती लावली यापेक्षा कोणती राखली, हे महत्त्वाचं. टास्मानियातल्या इवल्या पक्ष्याचा धडा

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला टास्मानिया बेट आहे. तिथला फॉर्टी स्पॉटेड पार्डलोट हा पक्षी चिमणीपेक्षाही लहान. पंखांवर पांढरे ठिपके. आज तो नामशेष व्हायच्या वाटेवर आहे. कारण त्याचा सगळा संसार एकाच झाडावर, व्हाइट गमवर. हे झाड आपल्या बांधावरच्या निलगिरीच्याच कुळातलं.

हा पक्षी देठाला चोचीने चिरा पाडतो. त्यातून झिरपणारा गोड चीक वाळला की तो खातो, पिल्लांनाही भरवतो. बाभळीला खाच पाडून डिंक काढावा तसंच. घरट्याला मात्र जुन्या झाडाची ढोली लागते.

मेंढ्यांची कुरणं आणि शेती वाढली, तसे व्हाइट गम तुटले. उरलेले दुष्काळात वाळू लागले. पक्षी ब्रुनी, मारिया अशा मोजक्या बेटांवर राहिला. त्यात एका माशीच्या अळ्या पिल्लांचं रक्त पितात. संशोधकांनी कीटकनाशक मारलेली पिसं जंगलात ठेवली, पक्ष्यांनी ती स्वतःच घरट्यात नेली. अशा घरट्यांत 100 पैकी 95 पिल्लं वाचली, एरवी 8च.

पण औषधाने पोट भरत नाही. त्याला झाडच पाहिजे, आणि ढोलीचं झाड व्हायला माणसाचा जन्म पुरत नाही.

आपल्या राज्यातही 2019 मध्ये 33 कोटी रोपांचं उद्दिष्ट होतं. आकडा सगळ्यांनी ऐकला. झाड कोणतं आणि कोणाच्या पोटाचं, हे कोणी विचारलं? बांधावरच्या जुन्या झाडाला कुऱ्हाड लावण्याआधी हा हिशेब करायला हवा.