जावक झाले, पण पोच कुठे आहे?



गेल्या पावसाळ्यातील गोष्ट आहे. आमच्या वस्तीतील एक ताई चार घरची धुणीभांडी करून मुलीला शिकवतात. मुलगी बारावी झाली, प्रवेशासाठी जात पडताळणीचा दाखला हवा होता. अर्ज आम्हीच भरून दिला आणि ताईंना कामाच्या वेळी फोन घेता येत नाही म्हणून अर्जावर संपर्कासाठी नंबर आमचा टाकला. गुरुवारी संध्याकाळी आम्हाला कळवण्यात आले की, आजोबांच्या शाळेच्या दाखल्याची मूळ प्रत घेऊन सोमवारी सकाळी हजर राहावे. आम्ही लगेच ताईंच्या मोबाईलवर निरोप लिहिला, पाठवला आणि एक काम झाले म्हणून निर्धास्त झोपलो.

मंगळवारी सकाळी नळावर ताई भेटल्या. हंडा बाजूला ठेवून विचारू लागल्या, "दादा, आपली तारीख कळली का हो?"

आमच्या पायाखालची जमीन सरकली. आम्ही म्हणालो, "ताई, गुरुवारीच तर निरोप टाकला होता!" त्यांनी पदराआडून फोन काढून दाखवला. पडद्याच्या अगदी वर, कोपऱ्यात, तांदळाच्या दाण्याएवढे एक विमान उमटलेले होते. बहिणीचे लहान पोर फोनशी खेळत होते, त्याचे बोट कुठेतरी लागले आणि फोन विमानाच्या बटनावर गेला. चार दिवस कुणाचा फोन नाही, निरोप नाही. ताईंना वाटले, रिचार्ज संपला असेल, पगार झाल्यावर टाकू.

आता चूक कुणाची? ताईंची नव्हे, पोराचीही नव्हे. आम्ही आमचा फोन उघडून पाहिला. त्या निरोपाखाली एकच करडी खूण होती. चार दिवस ती आम्हाला सांगत होती की, निरोप पोचलेला नाही. आम्ही तिच्याकडे पाहिलेच नाही.

आम्ही कारकुनी करणारा माणूस. आवक-जावक रजिस्टरात आमची निम्मी नोकरी गेली. जावक नंबर पडला म्हणजे कागद आपल्या टेबलावरून गेला, एवढेच. तो समोरच्याला पोचला हे केव्हा म्हणायचे, तर पोच घेऊन शिपाई परत येतो तेव्हा. आणि साहेबांनी तो वाचला हे तर त्यांची सही झाल्यावरच. या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. कचेरीत हे आम्ही नवशिक्यांना पहिल्याच दिवशी शिकवतो. स्वतःच्या हातातल्या फोनवर मात्र आम्हीच विसरलो.

या खुणा आल्या कुठून, हे पाहण्यासारखे आहे. आपल्याकडे १९९५ च्या सुमारास पेजर आला तेव्हा आम्ही शाळेत होतो. डॉक्टर, कंत्राटदार, विक्री अधिकारी यांच्या पट्ट्याला ती काळी डबी लटकलेली असे. निरोप द्यायचा तर पेजर केंद्राला फोन करून पेजरचा नंबर आणि मजकूर सांगायचा. तिथली बाई तो टाईप करी. मग डबी वाजे. पण हा व्यवहार एकतर्फी होता. डबीला ऐकता येई, बोलता येत नसे. ती बंद असली, तळघरात असली, सेल संपलेला असला, तर निरोप हवेत विरून जाई आणि पाठवणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नसे. म्हणजे पोच नसलेले जावकच ते.

त्याच १९९५ साली अमेरिकेत स्कायटेल या कंपनीने दुतर्फी पेजरची सेवा सुरू केली. त्यासाठीचे यंत्र मोटोरोलाचे होते, नाव टँगो. पुढे कॅनडातील रिसर्च इन मोशन या कंपनीने १९९६ साली आणि पुन्हा १९९८ साली सुधारलेले पेजर काढले. याच कंपनीने १९९९ साली ब्लॅकबेरी आणला. दुतर्फी म्हणजे काय, तर पेजर स्वतःहून केंद्राला उत्तर देतो, "होय, मी इथे आहे, निरोप मिळाला." उत्तर आले नाही, तर केंद्र निरोप टाकून देत नाही, राखून ठेवते आणि पेजर टप्प्यात आला की पुन्हा देते. चांगला पोस्टमन दाराला कुलूप दिसल्यावर टपाल गटारात टाकत नाही, परत घेऊन जातो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो, तसे.

१९९८ चा तो पेजर तळहातात मावणारा होता. एका पेन्सिल सेलवर काही आठवडे चाले. पडदा छोटा, रंग नाहीत. बाजूला अंगठ्याने फिरवायचे एक चाक. चालू केला की पहिल्या पडद्यावर लहान लहान चित्रे रांगेने दिसत: आलेले निरोप, नवा निरोप, नाव-पत्त्यांची वही, गजर, आणि रेडिओ बंद-चालू करण्याचे एक चित्र. चाक फिरवून चित्रावर जायचे आणि चाकच दाबायचे. हा झाला घराचा उंबरठा. हल्ली ज्याला होम स्क्रीन म्हणतात तो हाच.

चित्रांखेरीज दुसऱ्या काही खुणाही असत. चित्रे म्हणजे तुम्ही काय करू शकता ते. या खुणा म्हणजे यंत्राची तब्येत कशी आहे ते. वेळ किती, सेल किती उरला, लहर किती जोरात मिळते, न वाचलेले निरोप किती. आणि निरोपांच्या यादीत प्रत्येक निरोपापुढे त्याचा हालहवाल: बंद पाकीट म्हणजे न वाचलेला, उघडे पाकीट म्हणजे वाचलेला. पाठवलेल्यापुढे घड्याळ असले तर तो रांगेत आहे, बरोबरची खूण असली तर गेला, फुली असली तर गेलाच नाही. रेडिओ बंद केलेला असला तर पडदा नेहमीसारखा उजळे, चित्रे दिसत, पण पेजर मुका आणि बहिरा. आमच्या ताईंच्या फोनवरचे विमान ते हेच.

एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. अमेरिकेत हे दुतर्फी पेजर मनापासून उचलणाऱ्यांत कर्णबधिर लोक होते. टेलिफोन निघाला तो ऐकणाऱ्यांसाठी, यांना त्याचा उपयोग नव्हता. एकतर्फी पेजर थरथरून त्यांना निरोप देई, पण उत्तर देता येत नव्हते. दुतर्फी पेजर आल्यावर रस्त्यावरून, बसमधून, कामाच्या जागेवरून त्यांना कुणाच्या मदतीवाचून बोलता येऊ लागले. ज्याला दुसऱ्याच्या तोंडाने बोलावे लागले आहे, त्याला स्वतःच्या बोटांनी बोलण्याची किंमत कळते. आपल्या वाचकांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

आपल्याकडे २००३ साली मोबाईलवर येणारे फोन फुकट झाले. फोन घरोघरी गेला आणि पेजर नाहीसा झाला. पण त्याची ती खुणांची ओळ राहिली. आज दहा हजारांच्या फोनवरही वरच्या पट्टीत तीच वंशावळ बसलेली आहे. आता ती ओळ वाचू.

चढत्या दांड्या म्हणजे टॉवरची लहर किती जोरात येते ते. दांड्यांवर फुली किंवा उद्गारचिन्ह असेल तर सिम नीट लागलेले नाही किंवा नेटवर्क नाही. जवळ ४जी किंवा ५जी लिहिलेले असले तर इंटरनेट टॉवरकडून मिळते. पंख्यासारखी खूण म्हणजे वायफाय. विमान दिसले तर फोन जगापासून तुटलेला आहे, वरून बोट खाली ओढा आणि विमानाच्या बटनावर टिचकी मारा. चंद्रकोर, किंवा काही फोनवर गोलात आडवी रेघ, म्हणजे 'त्रास देऊ नका'. यात निरोप येतात, पण फोन वाजत नाही. पोरगा नोकरीच्या फोनची वाट पाहत असेल, तर रोज सकाळी आधी ही खूण आहे का ते बघावे. बॅटरी बचतीची खूण असली तर काही फोनवर निरोप उशिरा दिसतात.

आता निरोपाखालच्या खुणा. व्हॉट्सअॅपवर घड्याळ म्हणजे निरोप अजून तुमच्याच फोनमध्ये आहे. एक करडी खूण म्हणजे जावक नंबर पडला. दोन करड्या खुणा म्हणजे पोच आली, समोरच्याच्या फोनवर निरोप उतरला. दोन्ही निळ्या म्हणजे उघडून पाहिला. निळी खूण २०१४ च्या नोव्हेंबरपासून आली. ती कुणी बंदही ठेवू शकतो, म्हणून निळी दिसली नाही तर लगेच रुसू नये. पण एकच खूण अर्ध्या दिवसाहून जास्त राहिली, तर समोरचा फोन बंद आहे, इंटरनेट नाही, विमान चढले आहे किंवा त्याने आपला नंबर अडवला आहे असे समजावे आणि दुसरा मार्ग धरावा.

मंडळांच्या कार्यकर्त्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ग्रुपवर निरोप टाकला, तर दुसरी खूण सर्वच्या सर्व सभासदांना पोचल्याशिवाय येत नाही. कुणाला पोचला नाही ते पाहायचे असेल, तर आपल्या निरोपावर बोट दाबून धरा आणि माहितीची खूण उघडा. कुणी वाचला, कुणाला नुसता पोचला, अशी नावांची यादी दिसते. आम्ही आता वर्षावासाच्या वाचनाचा निरोप टाकल्यावर दुसऱ्या दिवशी ही यादी पाहतो. ज्यांची नावे नसतात, त्यांच्या दारी जातो. बहुतेक वेळा ती नावे म्हाताऱ्या माणसांची असतात.

दांड्यांविषयी एक गैरसमज आहे, तोही काढून टाकू. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाणाऱ्यांचा हा अनुभव असेल. दादरला उतरल्यावर दांड्या पुऱ्या भरलेल्या, पण फोन काही केल्या लागत नाही. दांड्या लहरीचा जोर सांगतात, टॉवरवर जागा शिल्लक आहे की नाही ते सांगत नाहीत. लाखो माणसे एका ठिकाणी आली की रस्ता रुंद असूनही गाडी हलत नाही, तसे होते. अशा वेळी वारंवार फोन लावत बसू नये, साधा एसएमएस टाकावा. तो लहान असतो, रांगेत थांबतो आणि जागा मिळेल तसा जातो. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये हल्ला झाला, तेव्हा मोबाईल फोन गर्दीने कोंडले. पण दुतर्फी पेजर आणि ब्लॅकबेरी वेगळ्या जाळ्यावर चालत असल्याने त्यांवरून लोकांचे निरोप जात राहिले. त्यानंतर अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातील सभासदांना ती यंत्रे देण्यात आली. आपण मात्र यंत्रावर सारा भार टाकू नये. निघण्यापूर्वीच भेटण्याची जागा ठरवावी आणि लहान मुलांच्या व आजीच्या खिशात फोन नंबराची चिठ्ठी ठेवावी.

शेवटची खूण छोटी, पण जपून पाहण्याची. २०२१ नंतरच्या बहुतेक अँड्रॉइड फोनवर वरच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका दिसतो. त्याचा अर्थ, कॅमेरा किंवा माईक या क्षणी चालू आहे. तुम्ही फोनवर बोलत नाही, फोटो काढत नाही, तरीही तो दिसला तर वरून बोट खाली ओढून त्या ठिपक्यावर टिचकी मारा. कोणते अॅप वापरते आहे ते कळते. ओळख नसलेले असेल तर काढून टाका. झटपट कर्ज देणारी जी अॅप आपल्या वस्त्यांत शिरली आहेत, ती घेताना तर ही काळजी दुप्पट घ्यावी.

ताईंच्या मुलीचे काय झाले, हे विचाराल. आम्ही चुकीचा लेखी खुलासा देऊन दुसरी तारीख मागून घेतली, मूळ दाखला दाखवला आणि मुदतीच्या आत पडताळणी झाली. मुलीचा प्रवेश झाला. पण मधले तीन आठवडे त्या घरात धड जेवण झाले नाही आणि ताईंचे दोन खाडे झाले, त्याचे पैसे कापले गेले. आम्ही त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "दादा, माफी राहू द्या. ते विमान कसं घालवायचं तेवढं शिकवा."

बाबासाहेबांनी आपल्याला दिलेला पहिला शब्द 'शिका' हा आहे. शिकणे म्हणजे केवळ शाळेतले नव्हे. जे हातात आहे, ज्यावर आपली तारीख, मजुरी, मुलांचा प्रवेश अवलंबून आहे, ते वाचता येणे हेही शिकणेच. आमच्या विहारात आता रविवारच्या वंदनेनंतर दहा मिनिटे हेच चालते. नववी-दहावीच्या मुली आया-आज्यांना शेजारी बसवून एकेक खूण दाखवतात. पहिल्याच रविवारी तीन फोनवर चंद्रकोर सापडली आणि एकावर विमान. आपल्याही विहारात करून पाहावे. खर्च काही नाही.

आणि निरोप पाठवणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की, पाठवला म्हणजे पोचला नव्हे. पोच येईपर्यंत आपले काम संपत नाही. दोन खुणा आल्या नाहीत, तर चप्पल घालावी आणि दारी जावे.

जयभीम.