बरा झालेला रुग्ण आणि चिकित्सालयाचा ताळेबंद

भौतिकोपचार, व्यवसायोपचार यांसारख्या शाखांना देशपातळीवर वैधानिक चौकट मिळाली ती 2021 च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने. पदवीधर मात्र स्नायू, सांधे आणि मज्जासंस्था शिकून बाहेर पडतो. शुल्क कसे ठरवावे, हे त्याला क्वचितच कोणी शिकवते.

भिलाईचेच पाहावे. पोलाद कारखान्याच्या कायम कामगाराला सेक्टर 9 मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालयाचा आधार आहे. सुपेला किंवा पॉवर हाऊसच्या बाजारपेठेत चिकित्सालय थाटणाऱ्या तरुणाकडे मात्र येतो तो हमाल, छोटा दुकानदार, ठेकेदाराकडचा मजूर. त्याच्या लेखी एका भेटीची किंमत शुल्कापुरती नसते. बुडालेली मजुरी, रिक्षाचे भाडे आणि सोबतच्या नातलगाचा खाडाही तीत धरावा लागतो. पक्षाघातानंतरचे उपचार तर महिनोन्‌महिने चालतात. तो मधेच येईनासा झाला, तर त्याला निष्काळजी ठरवणे सोपे, पण अन्यायाचे.

समजा, रोज आठ रुग्ण, प्रत्येकी 300 रुपये, महिन्याचे 25 दिवस. जमा 60,000. भाडे, वीज, मदतनीस आणि उपकरणांचा हप्ता यांत 35,000 गेले, तर हाती 25,000 उरतात. रोजचे दोनच रुग्ण गळाले की उरतात 10,000. याच टप्प्यावर पंधरा भेटींचे आगाऊ ‘पॅकेज’ विकण्याचा मोह होतो. व्यवस्थापनाची रूढ पुस्तके ग्राहक टिकवायला सांगतात; पुनर्वसनाचे यश मात्र ग्राहक सुटण्यात असते. घरी करायचे व्यायाम नीट शिकवणारा उपचारक स्वतःचीच मिळकत घटवतो. हा पेच विपणनाच्या दोन व्याख्यानांनी सुटणारा नाही.

त्यासाठी वेगळा हिशेब हवा: रुग्ण कितव्या भेटीनंतर थांबले, का थांबले, आणि किती जण आधाराविना चालू लागले? (जाहिरातीच्या फलकापेक्षा ही नोंदवही कितीतरी स्वस्त पडते.) कमला निंबकरांनी 1950 मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे विद्यालय उभारले आणि पुढे अखिल भारतीय संघटनाही बांधली. केवळ उपचारकौशल्यावर हे घडणे शक्य नव्हते.

अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याच्या हाती, नावे झाकून, एखाद्या चिकित्सालयाची महिन्याची नोंदवही द्यावी. गळालेल्या रुग्णांपैकी कोणाला आठवड्यातून एकच भेट आणि घरचा व्यायाम पुरला असता, हे त्याने शोधावे. मग शुल्क नव्याने आखावे आणि गुण त्या आखणीला मिळावेत.