ग्राउंडवर कुणी कोणत्या रांगेत उभं राहायचं?

सकाळचे साडेपाच. मूर्तिजापुरात चहाच्या टपऱ्या अजून उघडायच्या असतात, पण पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी ग्राउंडवर घामाघूम झालेली असतात. पोरांना १६०० मीटर, पोरींना ८०० मीटर. पोरांचा गोळा ७.२६ किलोचा, पोरींचा ४ किलोचा. यावरून कुणी भांडत नाही. शरीरं वेगळी म्हणून मापं वेगळी, हे आपण केव्हाच मान्य केलंय.

आता समजा, उद्या त्याच ग्राउंडवर एक ट्रान्सजेंडर उमेदवार आली. ती कोणत्या रांगेत उभी राहणार? कोणता गोळा उचलणार? आणि शेजारची पोरगी एका मार्काने मागे पडली, तर तिला काय सांगायचं?

प्रश्न काल्पनिक नाही, मित्रांनो. स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्येच मान्य केला. तरी २०२२ च्या पोलीस भरतीच्या अर्जात ‘स्त्री’ आणि ‘पुरुष’ एवढेच रकाने होते. तृतीयपंथी उमेदवार मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात गेले. तिसरा पर्याय द्या, असा आदेश नोव्हेंबरमध्ये आला. सरकार त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेलं, तिथे बोलणी खाल्ली आणि मग अर्जात बदल झाला. मैदानी चाचणीचे नियम करायला २८ फेब्रुवारी २०२३ ची मुदत ठरली. जाहिरात आधी निघाली, नियम नंतर आले. घोळ झाला तो इथे.

दुसरं उदाहरण क्रिकेटचं. भारताचे माजी क्रिकेटपटू संजय बांगर मूळचे बीडचे. त्यांची मुलगी अनाया ट्रान्स महिला आहे आणि आधी मुलांच्या संघांतून क्रिकेट खेळलेली आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये आयसीसीने नियम केला: वयात येताना ज्यांचं शरीर पुरुषाचं म्हणून घडलं, त्यांना महिलांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत खेळता येणार नाही, मग उपचार झालेले असोत वा शस्त्रक्रिया. २०२५ मध्ये अनायाने इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात करून घेतलेल्या शारीरिक चाचण्यांचा अहवाल पुढे ठेवला.

कोण बरोबर? आधी आकडे बघू. १०० मीटरचा पुरुषांचा विश्वविक्रम ९.५८ सेकंदांचा, महिलांचा १०.४९. हे अंतर मेहनतीचं नाही. वयात येताना टेस्टोस्टेरॉनमुळे उंची, हाडं, स्नायू बदलतात, त्याचं आहे. महिलांचा वेगळा गट नसता, तर जगातली सर्वात वेगवान बाईसुद्धा फायनलला दिसली नसती. म्हणून एखादी खेळाडू ‘हे मला अन्यायाचं वाटतं’ म्हणाली, तर तिला लगेच मागासलेली ठरवू नका. घरच्यांशी भांडून ट्रॅकसूट घालणाऱ्या आपल्या वऱ्हाडातल्या पोरींना ही जागा फुकट मिळालेली नाही.

मग उपचारांनी फरक मिटतो का? काही मिटतो, काही राहतो. अमेरिकी हवाई दलातल्या ट्रान्स महिलांच्या फिटनेस चाचण्यांचा एक अभ्यास आहे. दोन वर्षांच्या हार्मोन उपचारांनंतर त्यांच्या पुश-अप्स आणि सिट-अप्स इतर महिलांच्या बरोबरीला आल्या, धावण्यात मात्र त्या सुमारे १२ टक्के वेगवान राहिल्या. म्हणजे उत्तर खेळाप्रमाणे बदलतं. सगळ्यांना एकच फूटपट्टी लावता येत नाही.

म्हणून आमचं मत सरळ आहे. आंतरराष्ट्रीय पातळीवर, जिथे एका सेकंदाच्या शंभराव्या भागावर पदक ठरतं, तिथे महिला गटाला कडक नियमाचं कुंपण असणं समजण्यासारखं आहे. पण ते कुंपण उचलून तालुक्याच्या ग्राउंडवर आणून ठोकायचं कारण नाही. खुद्द आयसीसीनेही देशांतर्गत क्रिकेटचा निर्णय त्या त्या देशाच्या बोर्डावर सोडलाय. कॉलेजच्या क्रीडा महोत्सवात खेळणं हा शिक्षणाचा भाग आहे. भरतीत तर पदक नसतं, पोटाचा प्रश्न असतो. तिथे दार बंद करणं म्हणजे त्या माणसाला पुन्हा सिग्नलवर टाळ्या वाजवायला पाठवणं.

नियम कोणताही असो, तो शर्यतीआधी लिहिलेला हवा. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत तमिळनाडूच्या शांती सौंदराजनने ८०० मीटरमध्ये रौप्य जिंकलं. नंतर लिंगचाचणी झाली, पदक गेलं आणि तिच्या शरीराची चर्चा देशभर झाली. शांती ट्रान्सजेंडर नव्हती, मुलगी म्हणूनच वाढली होती. पण धावल्यानंतर नियम काढला की माणूस कसा चिरडला जातो, ते तिच्याकडे बघून कळतं.

आपल्या हातात काय आहे? बरंच आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांच्या नियमावलीत ट्रान्सजेंडर विद्यार्थ्यांबद्दल काय लिहिलंय, हे आपल्या क्रीडा शिक्षकांना विचारा. काही लिहिलेलं नसेल तर विद्यापीठाला पत्र द्या. पत्रावर पोरींच्याही सह्या असू द्या, कारण तोट्याची भीती त्यांना आहे आणि त्यांचं म्हणणं नियमात आलंच पाहिजे. आणि उद्या सकाळी असं कुणी खरंच ग्राउंडवर आलं, तर ‘हे कोन आलं बे?’ म्हणून शिट्ट्या मारू नका. नाव विचारा, वॉर्म-अपला सोबत घ्या. कोणत्या रांगेतून धावायचं ते नियम ठरवेल. सकाळच्या सरावाला मात्र ग्राउंड सगळ्यांचं आहे.